फूटीवाल्या आजोबांना

प्रिय आजोबा,

पत्र मराठीत आहे, तेव्हा आमच्या लेकीकडून वाचून घ्या. 'फूटीवाले आजोबा' हे नाव तिनेच ठेवलंय तुम्हाला; फूटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका चुकीने ऑफिसातल्या सगळ्यांची दोन महिन्यांची मेहनत वाया गेली. कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. कुंपणापाशी तुम्ही विचारलंत, मी सांगून टाकलं. 'होतं असं कधी कधी' वगैरे तुम्ही म्हणाला नाहीत. थेट फूटी खेळाडू जिम स्टाइन्सची गोष्ट काढलीत.

डब्लिनचा पोरगा, गोल चेंडूने गेलिक फुटबॉल खेळणारा. १९८४ मध्ये मेलबर्न क्लबने त्याला इकडे आणून हातात लांबट चेंडू दिला. १९८७ मध्ये उपांत्य सामना, वेव्हर्लीच्या मैदानावर. मेलबर्न चार गुणांनी पुढे, १९६४ नंतर पहिल्यांदाच अंतिम फेरी हाताशी आलेली. शेवटचे क्षण. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला किक मिळाली, पण गोल बराच लांब होता. तेवढ्यात जिम त्याच्या समोरून आडवा पळाला! नियमात ते बसत नाही. दंड म्हणून बकनारा पंधरा मीटर पुढे आला, सायरन वाजल्यावर त्याने सहा गुणांचा गोल मारला, आणि सामना दोन गुणांनी गेला. तुम्ही स्टँडमध्ये होतात. आजही 'का पळाला रे तो!' म्हणताना तुमचा आवाज चढतो.

मग तुम्ही एक आकडा सावकाश उच्चारलात: २४४. सलग इतके सामने तो खेळला, एकही न चुकवता. १९९८ मध्ये हात मोडला तेव्हा कुठे ही साखळी तुटली. मधे १९९१ ला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक, तेही पंचांच्या मतांनी मिळणारं. पुढे पोरांसाठी 'रीच' संस्था काढली, आणि २००८ मध्ये कर्जात बुडालेल्या त्याच क्लबचं अध्यक्षपद घेतलं. दुसऱ्याच वर्षी कॅन्सर निघाला. २०१२ मध्ये गेला, पंचेचाळीसाव्या वर्षी. इथे तुम्ही गप्प झालात आणि गुलाबांना पाणी घालायला लागलात, भर पावसात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. साहेबांकडे नंतर, आधी टीमसमोर उभा राहिलो. ती तासभराची मीटिंग फार वाईट गेली. पण गेलो, ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमचा मेलबर्न क्लबचा लाल-निळा स्कार्फ अजून माझ्याकडेच आहे. परत मागू नका. पुढच्या सामन्याला चिवडा मी आणतो.

तुमचा,
कुंपणापलीकडचा