मोठ्या फाइलींचे प्रात्यक्षिक हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले अनेक तरुण महापे-ऐरोली भागातील सॉफ्टवेअर कंपन्यांत रुजू होतात. त्यांचे काम तपासताना एक उणीव मला वारंवार जाणवते. आपला प्रोग्रॅम किती मोठी फाइल पेलू शकेल, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत फाइलीच्या शेवटाशी जाऊन ‘एफटेल’ने आकार काढणारा सी भाषेतला प्रोग्रॅम असतो आणि काही केबींच्या फाइलीवर तो बिनचूक चालतोही. मात्र हे फंक्शन ‘लाँग’ या पूर्णांक साठवण्याच्या प्रकारात उत्तर देते आणि विंडोजवर, संगणक ६४ बिटांचा असला तरी, लाँग ३२ बिटांचाच राहतो. त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ बाइटांपुढे त्याची मजल जात नाही.

प्रोग्रॅम बंद पडला तर बरेच म्हणायचे. पाच जीबीचा आकार ३२ बिटांत कोंबला की वरचे बिट गळून तो एक जीबी दिसतो. प्रोग्रॅम तेवढीच फाइल वाचून ‘काम पूर्ण’ असे कळवतो आणि उरलेल्या चार जीबींची दाद ना फिर्याद.

वापरातल्या टूलमधला असा दोष दुरुस्त होऊन येईपर्यंत फाइलीचे तुकडे करून वेळ निभावली जाते. त्यात गैर काही नाही, पण तुकडे कसे पाडले याला महत्त्व आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे केवळ बाइट मोजून कापल्यास एखाद्या ग्राहकाच्या आडनावातले अक्षरच दुभंगते आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. तुकडा ओळीच्या अखेरीसच पाडावा, रकान्यांची नावे असलेली पहिली ओळ प्रत्येक तुकड्याला जोडावी आणि सर्व तुकड्यांतील नोंदींची बेरीज मूळ फाइलीशी ताडून पाहावी. ही शेवटची पायरी घाईत हमखास गाळली जाते. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १५,८४१ कोरोना रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून निसटले, ते जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसल्यामुळे. परिणामी त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला.

म्हणून आपल्या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती आहे, की त्यांनी निदान एक प्रात्यक्षिक चार जीबींहून मोठ्या फाइलीवर घ्यावे. अशी फाइल चार-पाच ओळींच्या प्रोग्रॅमने प्रयोगशाळेतच तयार करता येते. (ती फॅट-३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर घ्यायला गेल्यास मावत नाही, हा धडा वरकड मिळेल.) विद्यार्थ्यांनी ६४ बिटांची फंक्शने वापरावीत, तुकड्यांचाच मार्ग पत्करावा लागल्यास तो का पत्करला आणि टूलमधली कोणती दुरुस्ती झाल्यावर काढून टाकता येईल, हे प्रोग्रॅममध्येच टिपून ठेवावे आणि परीक्षकांनी त्या टिपणालाही गुण द्यावेत.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई