लाइट गेले की फोनही जातो: केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमचा घरचा लँडलाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर आला. नंबर तोच राहिला, आवाज स्वच्छ झाला, पावसात कानाशी होणारी खरखर थांबली. तेव्हा जुन्या तारेसाठी गळा काढायला हे पत्र लिहिलेले नाही.

आम्ही दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. आई ८४ वर्षांची. मोबाइलला रेंज मिळते ती मागील दारी, विहिरीच्या कठड्याशी, तीही लहर लागली तर. म्हणून लँडलाइन. लाइनमनने ओटीच्या भिंतीवर फायबरचा पांढरा डबा ठोकला, फोनची वायर त्याच्या मागे खोचली, "आजी, आता नेटपण आलं" म्हणाला आणि गेला. माजघरात आईच्या खाटेशी त्याच नंबरचा दुसरा, पॅरलल फोन होता. त्याची वायर डब्यापर्यंत ओढणे "आमच्यात येत नाही".

जूनमध्ये एका रात्री लाइट गेले. आई चाचपडत, दोन उंबरे ओलांडून ओटीवर आली आणि रिसीव्हर उचलला. "अरे, हा तर मेलाच वाटतं."

जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवाटे यायची, ४८ व्होल्ट, आणि एक्स्चेंजमागे बॅटऱ्यांची रांग असायची. घरात मिट्ट काळोख असला तरी डायल टोन असायचा. फायबरमधून येतो तो नुसता प्रकाश. डबा चालतो आमच्या घरच्या विजेवर, आणि पावसाळ्यातल्या कोकणच्या विजेबद्दल आपल्याला मी काय सांगावे? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. (त्यात तांब्याच्या ताराही तुटल्या, हे कबूल. पण मी वादळाचे नाही, साध्या मंगळवारचे बोलतोय. दुरुस्तीसाठी सकाळी दहाला वीज बंद होते आणि चारला येते म्हणतात, त्या मंगळवारचे.)

शेवटी शहरातल्या भाच्याने मिनी यूपीएस आणून दिला. तळहाताएवढी वस्तू. डब्याला १२ व्होल्ट लागतात, ते ती देते. तीन-साडेतीन तास निघतात. जोडणी देतानाच हे सांगायला कोणाचे काय जात होते?

अमेरिकेत २०१५ च्या नियमाने, २०२५ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत, कंपन्यांना हे ग्राहकाला सांगावे लागायचे आणि बॅटरीचा पर्याय द्यावा लागायचा. आधी ८ तासांचा, २०१९ पासून २४ तासांचाही. पैसे ग्राहकच द्यायचा, पण त्याला माहीत तरी असायचे. ब्रिटनमध्ये जे लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आणीबाणीचा फोन करता यावा, अशी सोय कंपनीकडून अपेक्षित आहे.

मी फार मागत नाही. तांब्याची तार कापण्याआधी, सही घेतो त्याच कागदावर मराठीत ठळक लिहा की वीज नसेल तर हा फोन लागणार नाही, ११२ लासुद्धा नाही. जिथे म्हातारी माणसे आहेत आणि मोबाइलची रेंज नाही, तिथे चार तासांची बॅटरी डब्यासोबतच बसवा. फुकट नको, बिलात हप्त्याने लावा. आणि खाटेशी असलेला फोन खाटेशीच राहू द्या.

वाडीतल्या आणखी सात घरांत तांब्याची तार आहे. दिवाळीनंतर त्यांची पाळी आहे, त्यांना तरी आधी कळवा.

आपला,
दापोली तालुक्यातील एक ग्राहक