गाडीची काच फुटायच्या आधी आणि नंतर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

टेकडीखाली नाहीतर हॉटेलबाहेर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडून लॅपटॉप, पर्स पळवल्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतच असतात आणि शेवटची ओळ दरवेळी तीच, नागरिकांनी गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. माझं पिंपरी-चिंचवडमधे गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे. म्हणजे काच फुटली की गिऱ्हाईक माझ्याकडेच येतं, सरळ बोलायचं तर या चोऱ्यांवर माझा थोडाफार धंदा चालतो. तरी लिहितोय कारण ती ओळ अर्धीच आहे. ठेवू नका म्हणजे नेमकं काय करा हे कुणी सांगत नाही, आणि ज्यांनी गाडी उभी करायचे पैसे घेतलेत त्यांची काही जबाबदारी आहे की नाही हे तर कुणी विचारतच नाही.

आधी काचेचं सांगतो, ते माझ्या रोजच्या कामाचं. गाडीची समोरची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर, त्यामुळे ती तडकते पण जागेवरून सुटत नाही आणि चोर तिच्या वाटेला जात नाही. दरवाजाच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन असतात. अपघातात माणूस कापू नये म्हणून त्या मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की एका जागी टोकदार मार बसला की अख्खी काच खडीसाखरेसारखे दाणे होऊन खाली येते. लोकांना वाटतं हातोडा लागतो, मोठा आवाज होतो, कुणीतरी धावत येईल. तसं काही नसतं. गलोलीतून छर्रा मारला तरी काम होतं, शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्यालाही कळत नाही. सायरनवाली अलार्म सिस्टीम असली तरी हात घालून बॅग उचलायला लागतात काही सेकंद, सायरन वाजेपर्यंत चोर बाईकवर मागे बसून गेलेला असतो. अलार्म लावू नका असं नाही म्हणत, पण तो अख्खी गाडी चोरणाऱ्याला थोडाफार अडवतो, काचफोड्याला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत डाव्या बाजूची मागची काच जास्त दिसते. फुटपाथकडची बाजू, तिथे उभ्या माणसाकडे कोणी बघत नाही आणि आपण ऑफिसची बॅग बरोबर तिथेच टाकतो. आणि प्रत्येकाला विचारलं की आत काय होतं, तर उत्तर ठरलेलं, काही नव्हतं हो, रिकामी सॅक होती. अहो पण ती रिकामी आहे हे चोराला कसं कळणार? त्याला सॅक दिसली, त्याने काच फोडली. जिमचं किट, डब्याची पिशवी, मुलांचं दप्तर, डॅशबोर्डवर लटकणारी चार्जिंगची वायर, सगळं सारखंच. सीटखाली सरकवलेल्या पर्सचा पट्टा बाहेर लोंबत असतो तोही दिसतो. काळी फिल्म लावून द्या म्हणून बरेच जण मागे लागतात, तर २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली, समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे आणि चलन तुम्हालाच भरायचंय. शिवाय मोबाईलचा टॉर्च काचेला टेकवला की काळ्या काचेतूनही आतलं दिसतंच.

मग डिकीत ठेवा म्हणतात. बरोबर आहे पण कधी ठेवता यावर सगळं आहे. बहुतेक लोक हॉटेलसमोर गाडी लावतात, खाली उतरतात, मागे येतात, डिकी उघडतात, लॅपटॉपची बॅग ठेवतात, लॉक करून आत जेवायला जातात आणि हे सगळं समोरच्या बाजूला उभा असलेला माणूस निवांत बघत असतो. हिंजवडी, बाणेर, वाकडच्या हॉटेलांबाहेर तर अशा माणसाला फार वाट बघावी लागत नाही. बॅग डिकीत टाकायची ती ऑफिसमधून निघतानाच, किंवा एक किलोमीटर अलीकडे थांबून. जिथे गाडी सोडणार तिथे डिकी उघडायचीच नाही. हॅचबॅकवाल्यांनो, डिकीवरचा ट्रे आवाज करतो म्हणून काढून घरी ठेवलाय ना, तो आधी परत बसवा, त्याच्याशिवाय तुमची डिकी म्हणजे शोकेस आहे.

टेकडीवाल्यांचं वेगळं आहे. दुर्गा टेकडी, घोराडेश्वर, तळजाई, सिंहगडचा पायथा, पावसाळ्यात ताम्हिणी आणि लोणावळा, इथे चोराला एक गोष्ट नक्की माहीत असते की हा माणूस वर गेलाय आणि तासभर तरी येत नाही. त्यात वर मोबाईल भिजेल, पर्स नको म्हणून सगळ्यांचं सगळं एका पिशवीत घालून गाडीत ठेवलेलं. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर पण तेच, आहेराची पाकिटं आणि दागिन्यांचा डबा कार्यालयापेक्षा गाडीत सेफ असं घरातल्या कुठल्यातरी मोठ्या माणसाने ठरवलेलं असतं आणि त्यांना कोण बोलणार. असल्या ठिकाणी एक माणूस गाडीपाशी बसवा नाहीतर ऐवज अंगावर ठेवा, तिसरा उपाय मला तरी दिसत नाही. यावरून आठवलं, शनिशिंगणापूर, घरांना दारं नसलेलं गाव, यूको बँकेने २०११ साली तिथे बिनकुलपाची शाखा काढली इतका त्या गावाचा लौकिक, तिथेही २०१० साली चोरीची तक्रार झाली ती एका भाविकाच्या गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची. घरं उघडी असलेल्या गावात तक्रार आली ती गाडीचीच, आता काय बोलायचं.

अजून एक प्रकार आहे ज्यात काच फुटतच नाही. सिग्नलला किंवा बँकेबाहेर कोणीतरी येऊन सांगतं काका ऑइल गळतंय, टायर बसलाय, तुमच्या नोटा पडल्यात. तुम्ही खाली उतरता, दुसऱ्या बाजूचं दार उघडं असतं, बॅग गेली. बँकेतून रोकड काढून निघालात आणि कोणी असं बोललं तर उतरायचं नाही, दारं लॉक करून पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघायचं. ऑइल दोन किलोमीटरमधे संपत नाही.

आता काच फुटल्यावरचं, कारण इथे लोक जास्त नुकसान करून घेतात. गाडी थेट माझ्याकडे आणतात, झाडून पुसून, सीटवरचे दाणे कारवॉशवाल्याकडून व्हॅक्युम करून घेतलेले. असं करू नका हो. आधी फोटो काढा, दाराच्या हँडलला आणि आतल्या वस्तूंना हात लावू नका, ११२ ला फोन करा, पंचनामा होऊ द्या, मग या, मी कुठे पळून जातोय. आणि पोलीस स्टेशनला गेल्यावर लॅपटॉप गहाळ झाल्याचा दाखला घेऊन समाधानाने परत येऊ नका. काच फोडून नेलेली वस्तू चोरीला गेलेली असते, त्याचा एफआयआर होतो आणि गहाळच्या नोंदीवर चोरीचा तपास होत नाही. १ जुलै २०२४ पासून जे नवीन कायदे आलेत त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधे स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो तक्रार घ्यायची, ऑनलाईन दिली तर तीन दिवसात जाऊन सही करायची आणि एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट द्यायची. ताम्हिणीत काच फुटली आणि तुम्ही चिंचवडला राहता तर हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. तरी पाठवतात, माझ्या गिऱ्हाइकांकडून ऐकतो मी, पण कलम नंबर सांगितला की टोन बदलतो हेही ऐकतो.

विम्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न रोज असतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर काचही मिळत नाही आणि गाडी चोरीला गेली तर गाडीही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाल्याची वजावट, कापत नाहीत हे खरं, पण प्रत्येक क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावर २००० तुम्हाला खिशातून भरावे लागतात, आणि वर नो क्लेम बोनस जातो, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेली असते. साध्या हॅचबॅकच्या दाराची काच फिटिंगसकट दोन-तीन हजारात होते तिच्यासाठी ५० टक्के बोनस घालवायचा हा हिशोब मला तरी जमत नाही, मी गिऱ्हाइकाला सांगतो क्लेम करू नका. काच महागडी असेल किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि आतला लॅपटॉप गाडीच्या साध्या पॉलिसीत येत नाही, हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात.

अख्खी गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी गाडीच्याच ग्लोव्ह बॉक्समधे ठेवणारे महाभाग आहेत, त्यांनी काय द्यायचं? ओरिजिनल आरसीही गाडीत ठेवायची गरज नाही, मोबाईलमधल्या डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरची चालते, ओरिजिनल आत सापडली तर चोराला गाडी विकायला सोपी जाते. एफआयआर लगेच करा, गाडी सापडली नाही तर पोलिसांचा ए समरी रिपोर्ट, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा अहवाल, निघतो तो कंपनीला लागतो. एफआयआर वेळेवर असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मधे सांगितलंय, तरी कंपनीलाही त्याच दिवशी मेल टाका, वाद कशाला. बाकी गिअर लॉक, स्टिअरिंग लॉक, लपवून बसवलेला जीपीएस हे सगळं चांगलंच आहे. नवीन बटनस्टार्ट गाड्यांना साधं स्टिअरिंग लॉक जास्त गरजेचं आहे, कारण तिथे चोर तार जोडत बसत नाही, चावीचा सिग्नल पकडतो नाहीतर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून नवीन चावी बनवतो. त्या चाव्या रात्री दाराशेजारच्या खुंटीवर न ठेवता पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि सगळ्या काचांवर चॅसी नंबर कोरून घ्या, चोराला गाडी खपवायची तर सगळ्या काचा बदलाव्या लागतील, त्याला ते परवडत नाही.

मारुती ईको व्हॅनवाल्यांसाठी दोन ओळी, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे, केटरिंगवाले, त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. त्यांच्या गाडीतून पर्स नाही, सायलेन्सरच जातो. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, २०२१ मधे ऱ्होडियम सोन्याच्या कितीतरी पट महाग झालं होतं आणि तेव्हा महाराष्ट्र गुजरातमधे ईकोचे सायलेन्सर काढून आतली माती विकणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. गाडी उंच, सायलेन्सर हाताला येणारा, रात्री रस्त्याकडेला उभी. फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली लोखंडी जाळी मारून घ्या, आणि मागची चाकं भिंतीला लागतील अशी लावा, खाली शिरायला जागा कमी राहते.

आता मूळ मुद्दा. वर लिहिलेलं सगळं गाडीवाल्याने केलं तरी एक पार्टी शिल्लक राहते, पार्किंगचे पैसे घेणारी. गडाच्या पायथ्याला, धबधब्याला, यात्रेत, मॉलमधे, महापालिकेच्या पे अँड पार्कमधे आपण पैसे देतो आणि पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, पार्किंग ॲट ओनर्स रिस्क, वाहनाची जबाबदारी मालकाची. मग पैसे कशाचे, जमिनीचं भाडं? बरं कित्येक ठिकाणी पावतीवर गाडीचा नंबरसुद्धा लिहीत नाहीत, नुसता तुकडा फाडून देतात, बाहेर पडताना कोणी बघत नाही की गाडी घेऊन जाणारा तोच आहे का.

या छापील ओळीला लोक घाबरतात पण ती ब्रह्मवाक्य नाहीये. १९९८ मधे दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या व्हॅलेकडे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या माणसाकडे, चावी देऊन लावलेली एक मारुती झेन चोरीला गेली होती, पावतीवर अशीच जबाबदारी नाकारणारी ओळ होती, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि नोव्हेंबर २०१९ मधे निकाल लागला की गाडी आणि चावी ताब्यात घेतल्यावर नीट सांभाळायची जबाबदारी हॉटेलची, स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर अशी ओळ छापून सुटता येणार नाही. ती केस चावी दिलेल्या गाडीची होती, चावी आपल्या खिशात असलेल्या पे अँड पार्कला जशीच्या तशी लागू पडेल असं मी म्हणत नाही, मी वकील नाही. पण व्हॅलेवाल्याला चावी देताना एवढं तरी लक्षात असू द्या, आणि पावती, एसएमएस फेकून देऊ नका.

पे अँड पार्कसाठी मात्र कोर्टाची वाट कशाला बघायची? ठेका महापालिका, ग्रामपंचायत किंवा वनसमिती देते, अटी तेच घालतात. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ, बाहेर पडताना पावती जुळवून बघणारा माणूस, संध्याकाळनंतर लाईट, चालू असलेला एक कॅमेरा आणि काच फुटल्यावर पोलिसांना लगेच देता येईल असं फुटेज. पाच अटी, एकही अशक्य नाही, पुढच्या टेंडरमधे घाला. ज्या ठेकेदाराला हे जमत नाही त्याने पैसे घेऊ नयेत, फुकट पार्किंगचा बोर्ड लावावा, मग चोरी झाली तर आम्ही काही बोलणार नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर विम्याचा भाग कापा साहेब, पार्किंगच्या अटी तेवढ्या ठेवा.

आपला,
एक काचवाला
चिंचवड, पुणे