ओसेत्रोवोच्या धक्क्यावरून

उस्त-कुत, 14 जून

प्रिय सुहास,

काल रात्री साडेनऊला, चांगल्या लख्ख उजेडात, सायबेरियातल्या लेना नदीच्या काठी बसलो होतो. शाळेत अ‍ॅटलासमध्ये आपण जिला बोटाने गिरवत पार उत्तरेच्या समुद्रापर्यंत न्यायचो, तीच ही.

गावाचं नाव उस्त-कुत, म्हणजे कुता नदीचं मुख. स्टेशनचं नाव मात्र लेना आणि बंदराचं ओसेत्रोवो. 1631 साली कोसॅकांनी, म्हणजे झारच्या चाकरीतल्या लढवय्यांनी, इथे ठाणं वसवलं, पुढे येरोफेय खबारोव्ह या रशियन शोधप्रवाशाने मिठागर चालवलं. पण गावाचं नशीब उजळलं ते 1950च्या दशकात, पश्चिमेच्या ताइशेत शहराकडून रेल्वे आल्यावर. सोव्हिएत काळात हे देशातलं सर्वांत मोठं नदीबंदर होतं.

समोर मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या होत होत्या. क्रेनने लोखंडी पाइपांचा एक जुडगा उचलला, तो हवेत हळूच फिरला. खाली बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, उभ्या माणसाने दोन्ही हात वर करून त्याला दिशा दिली आणि पाइप टेकताच बार्ज जरासा खाली बसला. पुढे उत्तरेच्या याकुत्स्क शहरापर्यंत जवळपास 2000 किलोमीटर पाण्याची वाट.

आणि हे सगळं चार-पाच महिन्यांत उरकायचं! मे महिन्यात बर्फ फुटतो, ऑक्टोबरमध्ये नदी पुन्हा गोठू लागते. त्यातही इथे लेना उथळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बार्ज पूर्ण भरता येत नाहीत. म्हणून आताच एवढी घाई. पीठ, इंधन, यंत्रं, वर्षभराचं सारं उत्तरेला धाडायचं. तुझी आजी आगोटीला बेगमी करायची ना, अगदी तसंच. फक्त इथे अख्ख्या मुलखाची बेगमी. हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून ट्रक जातात, पण बर्फ पक्का होईपर्यंत आणि वितळताना कित्येक गावं तुटलेलीच असतात.

आता दुसरी रेल्वे याकुत्स्कच्या समोरच्या तीरापर्यंत पोचली आहे. 2019पासून तिथे प्रवासी गाड्याही जातात. सोव्हिएत काळाच्या मानाने इथला माल खूपच घटलाय. मला त्याची खरंच हळहळ वाटते. पण लेनेच्या उपनद्यांकाठच्या ज्या गावांना ना रूळ ना बारमाही रस्ता, त्यांचा माल अजून पाण्यानेच जायचा.

पाइपांचा तो बार्ज पहाटे निघणार आहे. मी बघायला जाणार. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश