वरचं बटण, खालचं बटण

वेंगुर्ले,
मृगाचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

शिव्या आधीच घालून घे, पत्राला महिनाभर उशीर झालाय. पण माझं ते जुनं स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ बिघडलेलं नाही!

शिमग्याला आला होतास तेव्हा वरचं बटण दाबलंस, स्टॉपवॉचचा काटा पळाला. परत दाबलंस, थांबेना. “गंडवलं तुला,” म्हणालास. मलाही ते पटलं, विकणाऱ्याला फोनवर चार शब्द सुनावले. परवा मागचं झाकण उघडलं, तर बॅलन्स, म्हणजे आतलं मागेपुढे झुलणारं चाक, त्याच्याखाली बारीकसं ४८. लँडेरॉन या स्विस कंपनीचं ४८ नंबरचं मशीन, १९३७ साली निघालेलं. त्यात वरचं बटण फक्त चालू करतं. खालचं दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की काटा शून्यावर. भारी घड्याळांत हे काम कॉलम व्हील, म्हणजे छोटे खांब असलेलं चाक करतं, ते घडवायला महाग. इथे साधा कॅम, म्हणजे कोरलेल्या कडेची चकती, म्हणून तर आपल्या खिशाला झेपलं. विकणाऱ्याची माफी मागितली. तो हसला, ते जास्त लागलं.

तबकडी मात्र रंगवून घेणार नाही, तू कितीही सांग. डागाळली तरी मूळची आहे. काट्यांवरचं रेडियमही खरवडू दिलं नाही, ती पूड नाकात जायला नको. खरी रड बाहेरच्या कवचाची. पितळेवर क्रोमचा मुलामा, स्टीलचं फक्त मागचं झाकण. पट्टा अडकतो तिथे घाम आणि खारी हवा मिळून मुलामा सुटायला लागलाय, खाली हिरवट पितळ दिसतं. बटणांना सील नाही, त्यामुळे पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बरणीत मुक्काम.

काल मात्र बाहेर काढलं. तबकडीच्या कडेला टेलिमीटर आहे ना, आवाज पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर दाखवणारी मोजपट्टी, पूर्वी तोफेचं अंतर मोजायला वापरत ती. पडवीत बसलो. समुद्रावर वीज चमकली, वरचं बटण. गडगडाट पोचला, खालचं. चौदा सेकंद, काटा पाच किलोमीटरच्या जरा अलीकडे. पुढच्या विजेला नऊ सेकंद, म्हणजे तीन. आत्या आतून ओरडली, “रे मेल्या, वीज काय मोजतंस? आधी दोरीवरचे कपडे काढ!” भिजलेच.

चतुर्थीला येशील तेव्हा तुझं सेको ६१३९ घड्याळ आण. माझा काटा सुटताना दचकतो, दात दातात बसेपर्यंत. तुझ्यात उभा क्लच, म्हणजे दात अडकण्याऐवजी चकत्या वरून एकमेकींवर टेकतात, त्यामुळे तो गुमान सुटतो. दोन्ही शेजारी ठेवून बघायचीत.

तुझा,
नाना