पातीच्या तेलातल्या नूडल्स

प्रिय वैजू,

नूडल्ससाठी आणायच्या सॉस-तेलांची तुझी यादी पोचली. चौदा बाटल्या! त्यातल्या बहुतेक खोडून टाक. चिनी, थाई, जपानी, कोरियन अशा चार स्वयंपाकघरांचं सामान एका फळीवर मांडलंस, तर प्रत्येक बाटलीतले दोन चमचे वापरले जातील आणि उरलेलं खराब होईल. आधी एकच पदार्थ धर आणि तो हाताखालून जाऊ दे. शांघायला घरोघरी होणाऱ्या पातीच्या तेलातल्या नूडल्सपासून सुरुवात कर असं मी म्हणेन. कांद्याची पात, तेल, दोन तऱ्हेचे सोया सॉस, साखर आणि नूडल्स, इतकंच लागतं.

सोयाचा घोळ आधी मिटवू. लाइट सोया म्हणजे कमी मिठाचा नव्हे. दोघांत तोच जास्त खारट लागतो आणि चव त्याचीच असते. डार्क सोया जास्त मुरवलेला, बरेचदा काकवी किंवा कॅरॅमल घातलेला, दाट; तो मुख्यतः रंगासाठी. त्यांची अदलाबदल झाली तर नूडल्स काळ्याकुट्ट दिसतात आणि चवीला पुळचट लागतात. घेताना बाटली उलटी करून वाच. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलं असेल तर उत्तम. हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन दिसलं तर ती ठेवून दे. ते प्रथिन बहुधा आम्लाने झटपट फोडलेलं असतं, महिनोन्महिने आंबवल्यावर येणारा वास त्याला नसतो.

आता तेल. दोघांसाठी १०० ग्रॅम पात, ८० मिली रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल. पात धुऊन अगदी कोरडी पूस, नाहीतर तेल अंगावर उडेल. बोटाएवढे तुकडे कर, पांढरा भाग उभा चिर. पांढरा भाग आधी घाल, पाच मिनिटांनी हिरवा, कारण हिरवा पटकन करपतो. सगळी गंमत मंद आचेत आहे: वीस ते पंचवीस मिनिटं, बुडबुडे बारीक राहतील इतपतच. घाई केलीस तर पात बाहेरून जळते आणि आत ओलीच राहते. मग तेलाला गोडूस वास येत नाही, कडवटपणा येतो. रंग शेंगदाण्याच्या सालासारखा तांबूस झाला की पात काढून घे, कारण ती बाहेर काढल्यावरही आणखी गडद होते.

त्याच तेलात, आच अगदी बारीक ठेवून, ३ मोठे चमचे लाइट सोया, १ डार्क आणि १ साखर घाल. तेल फसफसेल. साखर विरघळली की लगेच उतरव. साखर लागली तर सगळं वाया. शांघायला यात सोललेली सुकी कोळंबीही घालतात. आपले लहान सोडे इथे छान चालतात: वीस मिनिटं भिजवून, पिळून, शेवटच्या पाच मिनिटांत पातीबरोबर तळायचे.

नूडल्स गव्हाच्या आणि बारीक घे, २०० ग्रॅम. पाकिटावर ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले तर घाबरू नकोस; ते सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. त्यांच्यामुळेच नूडल्स पिवळसर होतात आणि दाताला चिवट लागतात. तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स इथे नकोत, त्यांचं तेल पातीचा वास मारतं. दोन लिटर पाणी खळखळू दे. पाण्यात तेल घालू नकोस, त्याने सॉस धरत नाही. मीठही नको, कारण बहुतेक नूडल्समध्ये ते असतंच. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढ, अर्धी वाटी पाणी राखून ठेव. या नूडल्स धुवायच्या नाहीत. अंगावरच्या पिठुळपणानेच सॉस चिकटतो. सॉस सगळा एकदम ओतू नकोस, दोन तृतीयांश घालून चाख. गोळा झाला तर राखलेलं पाणी चमचाभर घाल. वर तळलेली पात.

परतायच्या नूडल्सचं मात्र उलटं. त्या थंड पाण्याने धुवायच्या आणि चांगल्या निथळायच्या, कारण ओल्या नूडल्स कढईत परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात. घरच्या शेगडीवर एका वेळी एकाच माणसापुरत्या कर.

आणि तांदळाच्या चपट्या नूडल्स उकळूच नकोस. आपल्या शिरवाळ्यांसारखंच त्यांचं पीठ आधीच शिजलेलं असतं. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजव. बोटाभोवती गुंडाळता आली पण गाभा किंचित कडक राहिला की पुरे. उरलेलं कढईत तीन-चार चमचे पाण्यात होतं. पॅड थाई, म्हणजे याच नूडल्सचा थाई परतलेला पदार्थ, त्याचा लगदा होतो तो इथल्या चुकीने. तिथे फिश सॉस लागेल, पण चिंच आणि गूळ तुझ्या घरात आहेतच.

तिळाच्या तेलाचं विचारलं होतंस. घाण्याचं तीळतेल त्याजागी चालणार नाही. चिनी तेल खरपूस भाजलेल्या तिळांचं असतं, ते गॅस बंद केल्यावर अर्धा चमचाच. लहान बाटली घे, खवट होतं.

पहिल्या खेपेला पात किती मिनिटांत तांबूस झाली ते लिहून कळव. त्यावरून तुझ्या शेगडीची आच मला कळेल.

तुझी,
नीला