चि. मनीषास

पाटण, गुरुवार

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

गाडी वेळेत पोचली हे तात्यांकडून कळलं. मला फोन केला नाहीस. राग असेल, असू दे. पण तो खोकला गेला का, एवढं कळव.

त्या रात्री तू माझ्या बोटाला मशीन लावलंस, 95 आलं आणि म्हणालीस, "ऑक्सिजन चांगलाय आई, सगळं तुझ्या मनाचं आहे." ते फार लागलं, म्हणून तसं बोलले. काल डॉक्टरांना तेच विचारलं. म्हणाले, आकडाही खरा आणि धापही खरी. सीओपीडीत, म्हणजे माझ्या या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती भरलेलीच राहते, नव्या श्वासाला जागा उरत नाही. त्यात जीव घाबरला की श्वास भराभर चालतो आणि हवा आणखी कोंडते. म्हणजे तुझंही अगदीच चुकलं नव्हतं.

मोरीत सगळ्यात जास्त भीती वाटते. दार बंद, वाफ, त्यात केस धुवायला हात वर केले की दम संपतो. वेणी आता आक्का घालते. देवळाच्या पायऱ्या तर नुसत्या बघूनच छाती धडधडते, म्हणून जाणंच सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बसून राहिलात तर पायांतली ताकद जाईल आणि दम आणखी लवकर लागेल. परवापासून पारापर्यंत चालते.

धाप लागली की खुर्चीत पुढं वाकायचं, कोपरं मांड्यांवर, टेबलफॅन तोंडासमोर. श्वास नाकानं घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, चहावर फुंकर घालतो तसा. 30 वर्षं फुंकणीनं चूल फुंकली, आणि फुंकर मला आता शिकवतायत. पावसात शेणी ओल्या असायच्या, पेटता पेटायच्या नाहीत. तू मांडीवर, डोळे चोळत रडायचीस. मग तुला पदराखाली घ्यायचे. पदराआड धूर पोचत नाही, अशी माझी समजूत.

दिवाळीत तू ओट्याशी खोकत होतीस, तेव्हा माझा हात पिठातच राहिला.

फुंकून फुप्फुसांची तपासणी करतात, ती करून घे. धुळीचा आहे, हवेचा आहे, असं म्हणत अंगावर काढू नकोस. मीही तेच म्हणत 10 वर्षं घालवली. बिडी ओढणाऱ्यांचा आजार, आपल्याला कसा होईल, असंच वाटायचं. बघ, पुन्हा सुरू झालं माझं. रागावू नकोस. तू साहेब झालीस तेव्हा आळीत पेढे मीच वाटले. पाच ठिकाणी टेकले, पण एकही घर सोडलं नाही.

आता खोकल्याचं विचारणार नाही. लाडवांचा डबा घट्ट लावत जा.

तुझी आई

ता. क. खोकला रात्री जास्त येतो की पहाटे? कफ पडतो का?